पेत्र कुणी वाचायचा

नगरहून एसटीने निघालो तेव्हा मनात एकच काम होतं: सांतानला भेटायचं. आम्ही एकाच मिशन शाळेत मास्तर होतो. परीक्षेचा पेपर फुटला आणि आळ त्याच्यावर आला. पेपर हेडमास्तरांच्या मेहुण्याने, शाळेतल्याच एका मास्तराने, चोरला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चौकशीत मी "ठाऊक नाही" म्हणालो. सांतानची नोकरी गेली. तेव्हापासून नऊ वर्षं मी रविवारच्या वर्गात, शास्त्र (बायबल) खरं कसं, याचे दाखले देत आलो. जुनी हस्तलिखितं, उत्खननं. पोरांना पटायचं. मला मात्र त्यातली एकही ओळ खरी वाटत नव्हती.

वसईला टांगा केला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, मध्येच एखादा पांढरा क्रूस.

"कोनाकडं?" टांगेवाल्याने विचारलं.

"सांतान मास्तरांकडे."

"मास्तर? तो आता केळींना शिकवतो! एक पन नापास होत नाय."

तो हसला. मला बसवेना. अलीकडच्याच गावात उतरलो आणि उरलेली वाट उन्हात चुकत चुकत चाललो.

सांतान बागेत होता. "अरे, तू!" एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोने पाणी आणि सुकेळी (उन्हात वाळवलेली पिकली केळी) पुढे ठेवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी तोंड उघडणार तोच सांतान उठला. "चल, देवळात तालीम आहे." चर्चला तिथे देऊळच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा) होता. त्या दिवशी इथले गावकरी ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा पात्रं वाटून घेऊन वाचतात. येशूला शिक्षा देणारा पिलात वाचायला माणूस मिळाला होता, पेत्र वाचायला मिळेना. येशू पकडला गेल्यावर अंगणात, कोंबडा आरवण्याआधी, त्याला तीनदा 'ओळखत नाही' म्हणणारा तो शिष्य कुणालाच व्हायचं नव्हतं.

"इनासला द्या!" कुणीतरी ओरडलं.

"नको रे बाबा!" इनास म्हणाला. "गेल्या वर्षी वाचला. अजून कोंबडा आरवला की बायको म्हणते, 'जा, तुम्हाला बोलावतोय.'"

"मग तालमीपुरता पाहुणा वाचेल."

कागद माझ्या हातात आला. येशूला तीनदा नाकारायचं होतं. पहिलं वाक्य वाचलं, दुसरं अर्ध्यावर राहिलं. मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. सांतान मागोमाग आला. त्याला मी सगळं सांगितलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "चौकशीत तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, तेव्हाच."

"एवढं होऊनही तुझा या पुस्तकावर विश्वास कसा राहिला?"

"याच पानामुळे. अंगणातली ती गोष्ट पेत्राने स्वतःच कबूल केली असणार. पुढे तो सगळ्यांचा म्होरक्या झाला. पुसून टाकता आली असती. नाही पुसली. जे आपली लाज झाकत नाहीत, त्यांचं बाकीचंही मी खरं मानतो."

"मला माफ केलंस?"

"केव्हाच. पण शाळेच्या दप्तरात मी अजून चोर आहे. तिथे माझी माफी चालत नाही."

सोमवारी नगरला उतरलो तो घरी न जाता शाळेत गेलो. शिक्षकांची खोली भरलेली होती, मेहुणाही होता. "काय, वसई कशी वाटली?" हेडमास्तरांनी विचारलं. मी दाराची चौकट धरली आणि सांगायला लागलो. शेवटपर्यंत कुणी मान वर केली नाही.

आता माझीच चौकशी चालू आहे. घरात एका जागी बसवत नाही. काल शास्त्र उघडून पेत्राचं ते पान वाचलं. दाखले आठवले नाहीत. एवढंच वाटलं, की हे सांगताना कुणाला तरी फार जड गेलं असणार.