सरांनी मोकळी ठेवलेली जागा

आमच्या फुटबॉलच्या कोचसरांच्या हाताला कायम चुना लागलेला असायचा. तळोज्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून ते थेट मैदानावर यायचे आणि सरावाआधी स्वतः चुन्याने उभे पट्टे आखायचे. ज्याने त्याने आपापल्या पट्ट्यात खेळायचं, बाहेर गेलं की शिट्टी. पनवेलच्या त्या मैदानात क्रिकेटवाल्यांचे चेंडू आमच्या डोक्यावरून जायचे, म्हशी मधूनच चालत जायच्या, पण सरांचा पट्टा ओलांडायची आमची छाती नव्हती. पाठीमागे आम्ही त्यांना चुनासर म्हणायचो आणि त्यांना ते ठाऊक होतं.

बरं, पद्धत वाईट नव्हती. मला धड पळताही येत नसे, तरी त्या पट्ट्यांच्या जिवावर मी संघात खपून गेलो. सर म्हणायचे, "संघ म्हणजे घर. एकाच्या लाडासाठी बाकीच्यांनी भिंती हलवायच्या नसतात."

मग सोमा आला. माझ्याच वयाचा, कर्नाळ्याकडच्या आदिवासी वाडीतला. बॉल मिळाला की समोरच्यांना चकवत कुठल्या कुठे जायचा आणि मागे त्याचा पट्टा ओस पडायचा. शिट्ट्या वाजवून सर थकले. तुला रेषा दिसत नाहीत का, असं त्यांनी एकदा विचारलंच. सोमा खाली बघत म्हणाला, "दिसतात सर. पन बॉल पायात आला का मंग नाय दिसत." आम्ही हसलो. सर हसले नाहीत. त्याला मोकळा सोडा, मागचं आम्ही बघतो, असं आम्ही कितीदा तरी सांगून पाहिलं. सर शांतपणे ऐकून घ्यायचे आणि सोमाला बाकावरच बसवायचे.

दिवाळीआधीच्या एका सामन्यात आम्ही मार खात होतो, तेव्हा नाइलाजाने त्यांनी त्याला उतरवलं. सोमा काय खेळला म्हणून सांगू! तरी आम्ही हरलो, कारण त्याने सोडलेली जागा भरायला आमच्यापैकी एकही जण सरकला नाही. निघताना सर मला म्हणाले, "चूक त्याची नव्हती रे. तुम्हाला सरकायला मी शिकवलंच नाही."

दिवाळीनंतरच्या पहिल्या सरावाला मैदानावर रेषा नव्हत्या. पन्नाशी उलटलेला तो माणूस चष्मा सावरत नव्याने सगळं मांडायला बसला. सोमा पुढे गेला की कुणी कुठे सरकायचं, हे सर आम्हाला हाताला धरून शिकवत होते. फक्त सोमा नव्हता. दिवाळी झाली की त्याची अख्खी वाडी वीटभट्ट्यांवर जायची. तो कुठल्या भट्टीवर गेलाय, हे कुणालाच सांगता येईना. सर सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून भट्ट्या पालथ्या घालायचे आणि उन्हाने रापून परत यायचे. भेटला का विचारलं की नाही म्हणून मान हलवायचे.

तरी नवा खेळ त्यांनी बदलला नाही. सोमासाठी बांधलेला खेळ आम्ही सोमाविना खेळलो आणि ओळीने हरलो. क्लबची मंडळी वैतागली, जुनी पद्धत आणा म्हणाली. सर म्हणाले, "मग तो आल्यावर खेळेल कुठे?" पावसाळ्यात वाडी परतली, पण सोमा मैदानाकडे फिरकला नाही. तोवर क्लबने दुसरा कोच आणला होता. सर क्लब सोडून गेले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

यंदा, इतक्या वर्षांनी, सर वारले. स्मशानात मागे एकटाच उभा असलेला सोमा मी उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखला. आता तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल उतरवतो. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मी परत आलोच नाय दादा. सरांना मी नकोच होतो ना."

मी त्याला सगळं सांगितलं. नवा खेळ, त्याच्यासाठी ठेवलेली जागा, भट्ट्यांवरच्या फेऱ्या.

"एक चष्मेवाला स्कूटरवर आल्ता," तो म्हणाला. "मना विचारत होता. आईला वाटलं, जुन्या मुकादमाचा मानूस, उचल फिटली नाय म्हनून मना वडून न्यायला आलाय. तिनं सांगितलं, सोमा इथं नाय. मी विटांच्या मागंच बसलेलो, त्याचं तोंड नाय बघितलं." त्याने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "खेलायला बोलवाया कुनी भट्टीवर येतं का, दादा?"