बुढीची खाट आणि तीन घरं

सासूचे किस्से सुनेनं सांगू नयेत म्हणतात. मग सांगायचे कोणी, शेजारणीनं? माझ्याकडे ते इतके साठलेत की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात! आणि आमच्या सासूबाई काही एका घराच्या नव्हत्याच. तीन घरांचे किस्से एकटीजवळ, मग साठणार नाहीत तर काय होईल?

सासरे गेले तेव्हा तिघा भावांनी पिंपळगावच्या अंगणात बसून आईच्या राहण्याची बोली केली. अखजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, ते पोळा थोरल्यांकडे पिंपळगाव राजाला, पोळा ते संक्रांत मधल्यांकडे खामगावला, संक्रांत ते अखजी आमच्याकडे दुसरबीडला. थोरले शेती करायचे, मधले कापसाच्या जिनात मुकादम, आणि आमचे हे शाळामास्तर. सगळं कसं सणवार पाहून, एकदम चोख! बुढी ओट्यावर बसून ऐकत होती. आमच्याकडे बुढी म्हणण्यात कोणाला राग नाही, म्हणून मीही तेच म्हणते.

त्या काळात आमच्या जिल्ह्याचं राज्य दोनदा बदललं. आधी मुंबई झालं, मग महाराष्ट्र. मास्तर मोठ्या कौतुकानं आईला समजावून सांगायला गेले. ती म्हणाली, "जिल्ह्याचं बरं हाय बाप्पा. त्याले जागचं हालावं लागत नाही!"

*

बुढीचा हट्ट एकच. जिथं मी जाईन तिथं माझी खाट येईल. सासऱ्यांनी स्वतः विणलेली सुताची खाट होती ती. एस.टी.च्या टपावर ती चढवायची म्हणजे कंडक्टरशी भांडण ठरलेलं! एकदा गाडी बदलताना कंडक्टर फारच वैतागला. "आजी, पोराच्या घरी खाटा नाहीत का?"

"हायेत ना बाप्पा, लय हायेत. पण त्या त्यायच्या हायेत."

कंडक्टर खाटेची दोरी धरून वर चढला.

*

बोलीत एक गोष्ट ठरवायची राहिली होती. घेणाऱ्यानं न्यायला यायचं, की देणाऱ्यानं पोचवायचं? पहिल्याच पोळ्याला घोळ झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थोरल्यांनी बैलगाडीत खाट टाकली, वर बुढी बसवली आणि खामगावची वाट धरली. त्याच सकाळी मधले बायको-पोरांना घेऊन एस.टी.नं पिंपळगावला निघाले, बुढीला आणायला! रस्त्यात एस.टी. बैलगाडीच्या बाजूनं गेली. धुळीपायी थोरल्यांनी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, बुढीचा पदर नाकापर्यंत. मधल्यांनी खिडकीतून पाहिलं आणि बायकोला म्हणाले, "कोणाची बिचारी माय चालली वं, खाटेसकट!"

इकडे खामगावला दाराला कुलूप. बुढीनं दारापुढं गल्लीतच खाट टाकायला लावली. शेजारच्या फातमाबीनं चहा दिला, पान दिलं, गप्पांना बसली. दुपार टळल्यावर मधले घाम पुसत परत आले, तर बुढी खाटेवर जरा सरकली आणि म्हणाली, "ये रे, बस!"

*

माझ्या घरी बुढीचे काय लाड! हे मी नाही, आमची सगळी आळी म्हणायची. चहा फुलाच्या कपबशीत. जेवण जागेवर. ती सुपाला हात लावायला गेली की मी सूपच काढून घ्यायची. "आत्याबाई, तुम्ही बसा हो!" मग ती भिंतीला टेकून दाराकडे पाहत बसायची.

आणि तोंड उघडलं की थोरल्या जाऊबाईंच्या तक्रारी! गोदाबाई म्हणजे जिभेला हाड नाही. "थे गोदी, दिवस निघाला का माह्यासमोर सूप आपटते. दाळीत खडा राह्यला तं म्हणते, डोळे फुटले का? मी बी सोडत नाही तिले! आमचं भांडण आयकाले गल्ली जमते." ऐकून माझा जीव तुटायचा. या वयात हे हाल? मी तिला अजून एक उशी द्यायची.

*

एका वर्षी अधिक महिना आला, तोही नेमका अखजी आणि पोळ्याच्या मध्ये! गोदाबाईंनी पदर खोचला. "चार महिने ठरले होते. हा पाचवा कोणाचा?" मधले म्हणाले, सणापासून सणापर्यंत ठरलं, महिन्याचं नाव कोणी काढलं नव्हतं. आमच्या मास्तरांनी पंचांग उघडलं. त्यात मुहूर्त सगळे होते, पण आई कुठं ठेवायची ते काही दिलेलं नव्हतं.

शेवटी बुढीला तिच्या लेकीकडे, माझ्या नणंदेकडे, पाठवायचं ठरलं. लेकीच्या घरी राहिलं की लोक नावं ठेवतात, पण महिनाभराचाच तर प्रश्न! आता धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा मान. अनारसे, वाण, सगळं द्यावं लागतं. थोरल्यांची गाडी दिसली तसे आमचे जावई टोपी सारखी करून दारात उभे राहिले. गाडीतून खाट उतरली. मग बुढी उतरली. जावयांनी पुन्हा गाडीत डोकावून पाहिलं. "अन् अनारसे?"

"औंदा हेच वाण!" म्हणत थोरल्यांनी गाडी वळवली.

*

मग बुढीचे गुडघे गेले. एस.टी.च्या पायरीवरच बसली एकदा, उठता येईना. डॉक्टर म्हणाले, "आता यांची ने-आण बंद. एका जागी ठेवा." झालं! एका जागी म्हणजे कोणाच्या?

अखजीला आम्ही तिला पिंपळगावला नेलं. मधलेही आले. खाट दोरीनं बांधलेली, तशीच भिंतीला उभी. त्याच अंगणात थोरल्यांनी सकाळी सालदाराला, म्हणजे अखजी ते अखजी सालाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याला, चहा पाजून विचारलं होतं, "राह्यतं का जातं?" तो राहतो म्हणाला. मग आमची बैठक बसली.

मधल्यांकडे जागा नाही. थोरल्यांकडे खटल्याचं घर, पाहायला वेळ कोणाला? मी म्हटलं, "आम्ही नेतो. कायमच्या." अगदी मनापासून म्हटलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मास्तर खाट उचलायला उठले.

"थांब रे!" बुढी ओरडली. "सालदाराले बी इचारता, राह्यतं का जातं. मले कोणी इचारलं?"

थोरले खाली पाहत म्हणाले, "सांग माय. कुठी राह्यतं?"

बुढीनं काठी उचलली आणि गोदाबाईंकडे दाखवली. "इच्यापाशी."

मला तर रडूच आलं. "आत्याबाई! इथं दिवसभर सूप घेऊन बसावं लागते, वर बोलणे खावे लागतात! माझ्याकडे मी तुम्हाला काडीला हात लावू देत नाही!"

"तेच तं सांगून राह्यली ना बाई," बुढी म्हणाली.

गोदाबाईंनी पाठ फिरवली. खाटेच्या दोरीची गाठ सुटेना, ती त्यांनी दातांनी ओढून सोडली. खाट ओसरीत टाकली. तरातरा आत गेल्या आणि डाळीनं भरलेलं सूप आणून बुढीसमोर आपटलं.

"अन् एक तरी खडा राह्यला तं पाहा!"