जावयाला नंबर कसा विचारायचा?

“मॅडम, बोर्ड का फॉर्म पंद्रह दिन में जाना है. साइकोलॉजिस्ट की रिपोर्ट लगेगी,” प्रिन्सिपल सर म्हणाले आणि प्राचीची फाइल माझ्याकडे सरकवली.

मध्य प्रदेशात, देवासच्या एका खासगी शाळेत मी बावीस वर्षं काउन्सेलर होते. प्राची दहावीत. वडिलांचं हाटपिपल्याला शिवणकामाचं दुकान. तोंडी विचारलं की पोरगी फटाफट उत्तरं द्यायची, पण पानभर वाचायला तिला तासभर लागे. हा लर्निंग डिसेबिलिटीचा प्रकार. तशी रिपोर्ट असली तर परीक्षेत जादा वेळ मिळतो.

ही रिपोर्ट मला देता येत नव्हती. काउन्सेलर मुलांशी बोलतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट म्हणजे औषधं देणारा डॉक्टर. बोर्डाला हवा होता क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चाचण्या घेणारा, सरकारी नोंदणी असलेला.

देवासमध्ये मला तीन पाट्या सापडल्या. एक जण करिअर गाइडन्सवाला निघाला. दुसरा बोटांचे ठसे घेऊन मुलांची बुद्धी सांगायचा. तिसऱ्या पाटीखाली कुलूप. इंदूरला नोंदणी असलेल्या एक बाई मिळाल्या, पण त्यांची तारीख महिन्यानंतरची. प्रिन्सिपल सरांनी बोर्डाला पत्र लिहून तेवढी मुदत मागून घेतली. म्हणजे सगळं मार्गी लागलं होतं. घाण केली ती मी, त्यानंतर.

माझ्या मामेबहिणीचा जावई धारला ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावून बसतो. बहीण फोनवर म्हणाली, “अगं, घरचा माणूस असताना इंदूरला कशाला जातेस? त्यांना काय वाटेल?” मी प्राचीला आणि तिच्या वडिलांना घेऊन धारला गेले. जावयाच्या घरी पहिल्यांदाच जात होते, म्हणून नारळ आणि टॉवेल-टोपी नेली. त्यांनी चहा दिला, प्राचीशी गोड बोलले, दोन तास चाचण्या घेतल्या.

नोंदणी क्रमांक विचारायचा, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाला मी उंबऱ्यातच विचारला असता. पण हातात टॉवेल-टोपी घेऊन जावयाकडे कागद कसे मागायचे? आमच्यात असं कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

चार दिवसांत रंगीत, शिक्का मारलेली रिपोर्ट आली. मी खुशीत इंदूरची तारीख रद्द केली.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी बोर्डाकडून फॉर्म परत आला. प्रिन्सिपल सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, इसमें नंबर ही नहीं है. आपने देखा नहीं?”

मी धारला फोन लावला.

“मावशी, मी एम.ए. आहे, काउन्सेलिंग करतो. नोंदणी आहे असं मी कधी म्हणालो? तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

इंदूरला हातापाया पडून पाहिलं. आता दोन महिन्यांनंतरची तारीख होती.

प्राची सगळ्यांबरोबर तेवढ्याच वेळात पेपर देऊन आली. निम्मे प्रश्न तिने वाचलेच नव्हते. चार विषयांत नापास झाली.

इंदूरची रिपोर्ट निकालानंतर आली. ती घेऊन मी हाटपिपल्याला तिच्या वडिलांच्या दुकानात गेले. प्राची काज करत होती. म्हणाली, “तुम्हीच वाचा ना मॅडम.” मी वाचलं. बुद्धी सरासरीपेक्षा चांगली, वाचनात दोष, जादा वेळ द्यावा.

“मग मी ढ नव्हते?”

“नव्हतीस गं.”

“आता काय,” म्हणाली आणि पुढचं काज घेतलं. पुन्हा परीक्षेला बस म्हणून मी आणि वडिलांनी खूप समजावलं. “रोज सगळ्यांसमोर पुन्हा अडखळायचं? नको.” तिथून निघताना मला माझीच लाज वाटत होती.

आजही लोक विचारतात, आमच्या भागात सायकॉलॉजिस्ट कसा शोधायचा? मी सांगते, पाटी पाहू नका, ओळख पाहू नका. नोंदणी क्रमांक विचारा आणि सरकारी यादीत नाव आहे का ते बघा. घरचा जावई असला तर दोनदा बघा. फार तर तो रुसेल. एवढं मला तेव्हाही येत होतं. प्राची अजून काजं करते.