दारातले वाचक

कॉमिक्सच्या समीक्षेला वाहिलेलं आमचं छोटं मासिक भिंगारमधून निघायचं. पहिल्याच अंकात मी गावातल्याच एका वयस्कर चित्रकारांवर लिहिलं, की त्यांची माणसं लाकडाची वाटतात. तेव्हापासून प्रत्येक अंक न्यायला ते स्वतः येत, दारातच उभं राहून ओठ हलवत तो वाचत आणि न बोलता निघून जात. मला त्यांची धास्तीच वाटे.

मासिक बंद होतंय हे कळल्यावर ते पहिल्यांदा आत येऊन बसले. पिशवीतून एक नवं चित्र काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं.

"मासिक न्हाई तर न्हाई. यात काय चुकलंय तेवढं सांगा, सर. तुमच्याएवढं निरखून दुसरं कुनी बघत न्हाई."

मी चष्मा पुसला आणि चित्र जवळ ओढलं.