मामाजींची अर्धी गोळी

"हे अर्टिकेरिया आहे," डॉक्टर म्हणाले आणि माझं सुजलेलं तोंड पाहून हसले. "मला वाटलं नवऱ्यानं बदडलं."

चांद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या बाकावर मी बसले होते. ओठ इतके सुजले होते की उलट उत्तर द्यायचीही सोय नव्हती. माझा नवरा दशरथ शेजारीच उभा होता, तोही हसला. डॉक्टर हसले की आपण हसायचं, एवढं त्याला कळत होतं. मला दोघांचाही राग आला.

अर्टिकेरिया म्हणजे अंगावर पित्त उठणं. लाल गांधी येतात, भयंकर खाजतात, एका जागच्या जातात आणि दुसऱ्या जागी उठतात. माझे ओठ आणि पापण्याही सुजायच्या. त्या सुजेला डॉक्टरांनी अँजिओइडिमा म्हटलं. तीच सूज घशात उतरली तर श्वास कोंडतो, हेही त्यांनी सांगितलं. तुमच्या घरी कुणाला असं होत असेल तर पुढचं नीट वाचा. माझं घर पित्तानं नाही बसलं. गोळी कशी घ्यायची ते कुणी ऐकलं नाही, म्हणून बसलं.

आम्ही ढिवर. मूलच्या बाजूला आमचं गाव. तलावातले मासे धरायचे आणि थंडी लागली की शिंगाडे तोडायचे. त्या दिवसांत सकाळपासून कंबरभर पाण्यात राहावं लागायचं. ती पाण्याची खाज सगळ्यांनाच सुटायची. म्हणून उतरण्याआधी अंगाला मोहाच्या बियांचं तेल चोळायचं आणि थंडी मोडायला मोहाच्या दारूचे दोन घोट घ्यायचे. माझं पित्त मात्र निराळं होतं. पाण्यात गेले नाही तरी ते उठायचंच. सासूबाई म्हणायच्या, कामाचा कंटाळा आला की हिच्या अंगावर गांधी येतात.

शेवटी एक दिवस डोळे उघडेनात, तेव्हा दशरथनं मला बैलगाडीनं मूलला आणि तिथून रेल्वेनं चांद्याला नेलं.

डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी दिली. अँटीहिस्टामिन असं त्या जातीच्या औषधाचं नाव. अंगात हिस्टामिन नावाचं एक द्रव्य उसळतं, त्यानं खाज आणि सूज येते. ही गोळी त्याला अडवते. "पण ही तुझ्या डोक्यालाही झोपवते," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी जेवून एक घ्यायची आणि पडायचं. दुसऱ्या दिवशीही गुंगी असली तर काम करायचं नाही. पाण्यात उतरायचं नाही, झाडावर चढायचं नाही, गाडी हाकायची नाही. दारूचा थेंब नको, दारू आणि ही गोळी मिळून माणसाला पार आडवं करतात. आणि ही तुझ्यासाठी आहे. लेकराला नाही, म्हाताऱ्याला नाही, शेजारणीला नाही." मग दशरथकडे पाहून म्हणाले, "कळलं का, हसऱ्या?"

दशरथनं मान डोलावली. त्यानं सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पहिली गोळी घेतली आणि मी दगडासारखी झोपले. किती तरी दिवसांनी नख लागलं नाही अंगाला. उठले तर ओठ आपल्या जागी. मी आरशात पाहिलं आणि सासूबाईंना म्हटलं, बघा, हे माझं खरं तोंड. त्या म्हणाल्या, सुजलेलं होतं तेच बरं होतं, बोलणं कमी होतं.

आता आमच्यातली एक रीत सांगते. तलावातून जे निघेल त्याचे वाटे पडायचे. जाळं कुणाचंही असो, मासा कुणालाही लागो, पळसाची पानं मांडायची आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा टाकायचा. म्हाताऱ्याचा, आजाऱ्याचा, सगळ्यांचा. हे वाटे माझे सासरे, मामाजी, पाडायचे. मामाजींच्या वाट्यावर आयुष्यात कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि त्याचा त्यांना फार ताठा होता.

माझी खाज बसली हे साऱ्या ढिवरपुऱ्याला दिसलं. दोन दिवसांत मामाजींनी माझ्याकडे पुडी मागितली. मी म्हटलं, डॉक्टरनं दुसऱ्याला द्यायला मना केलंय.

"खाज का तुलेच हाय एकटीले?" ते म्हणाले. "दवा घरात आली ते साऱ्याइची. आन पान."

"मामाजी, हे घेऊन पाण्यात नाई उतरत. झोप येते. दारूवर तं बिलकुलच नाई घेत."

"तो डॉक्टर कधी उतरला का तलावात? आमी तेल केवा लावतो? उतराच्या आंधी. मंग दवा बी आंधीच घेवाची. खाज सुटल्यावर घेऊन का फायदा?"

मी दशरथकडे पाहिलं. तू होतास ना तिथं, सांग की. तो जाळ्याची गाठ सोडवत बसला. बापासमोर त्याची जीभ कधी उचलली नव्हती, त्या दिवशीही उचलली नाही. मामाजींनी पळसाची पानं मांडली आणि माझ्या गोळ्या माशासारख्या वाटल्या. माझ्या पानावरही माझा हिस्सा टाकला. अन्याय झाला असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या सकाळी अंगाला तेल लावून, मोहाच्या घोटाबरोबर पाण्यात उतरणाऱ्यांनी गोळ्या गिळल्या. मी घरीच राहिले, माझं डोकं जड होतं.

बाकीचे डुलक्या घेत, जांभया देत कडेकडेनं तोडत राहिले. दोघं तर चिखलात बसूनच झोपले. दशरथ एकटा डोंगा घेऊन मधे गेला होता. शिंगाड्याचा वेल उचलायला डोंग्यातून निम्मा बाहेर वाकला आणि तसाच राहिला. काठावरचे ओरडले, "अबे दशरथ, झोपला का बे?" आणि हसत सुटले. तो खरंच झोपला होता. डोंगा कलला, तो वेलांत गेला आणि वर आला नाही. गुंगीतले लोक पोहत पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

गाव काय म्हणालं? ढिवराचं पोट्टं पाण्यात बुडलं म्हणे. पिठाच्या गिरणीत बायका तोंडाला पदर लावून हे बोलायच्या, मी ऐकलं आहे.

सासूबाईंनी उरल्यासुरल्या गोळ्या गोळा करून उकिरड्यात टाकल्या. "जहर आनलंस तू घरात," त्या मला म्हणाल्या. मी मामाजींच्या तोंडावर सांगितलं की तुम्ही मारलं त्याला.

तेरवी झाली आणि माझं पित्त परत उसळलं. या वेळी सूज घशात उतरली. जीभ तोंडात मावेना, श्वासाला शिट्टी वाजायला लागली. सासूबाई म्हणाल्या, जाते तर जाऊ द्या. मामाजींनीच गाडी जुंपली. तो सगळा रस्ता, रेल्वेतही, मी बसून काढला. आडवं पडलं की श्वास बंद व्हायचा.

दवाखान्यात अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. सूज भराभर उतरवणारं ते औषध. छाती धडधडली, हात कापले आणि घसा मोकळा झाला. डॉक्टरांनी विचारलं, "तो हसरा कुठे आहे?"

मी सांगितलं. त्यांचं हसणं गेलं.

"किती घेतल्या होत्या त्यानं?"

"एक," मी म्हटलं. "वाट्याला एकच आली होती."

मामाजी दारात उभे होते, पागोटं हातात घेऊन. "दोन," ते म्हणाले. "माह्या हिस्स्याची बी त्यालेच देल्ली. थंडीत पोट्टं उतरते म्हून."

डॉक्टर म्हणाले, "त्यावर दारू. बाबा, गोळीचा दोष नाही यात." आणि माझ्या हातावर तीच गोळी ठेवली. मी ती भिंतीवर फेकून मारली. त्यांनी दुसरी आणली आणि मी गिळेपर्यंत समोरून हलले नाहीत. मी झोपले. गाढ झोपले, स्वप्नही पडलं नाही. नवऱ्याला नेणाऱ्या औषधानं मला इतकं सुख द्यावं, याची मला अजून चीड येते.

वर्षभरात माझं पित्त आपोआप थांबलं. का आलं, का गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. माहेरी परत जायला मला जागा नव्हती, मी सासरीच राहिले. पुढे सासूबाई गेल्या. मग उरलो मी आणि मामाजी.

त्यांच्या कातडीला म्हातारपणी खाज सुटली. रात्र रात्र ओरबाडायचे. मीच त्यांना चांद्याला नेलं. डॉक्टर तेच होते, केस पिकलेले. त्यांनी लघवी अडते का विचारलं, कारण म्हाताऱ्या पुरुषांना या गोळीनं तो त्रास होतो. अडत नव्हती. "अर्धीच द्यायची," ते मला म्हणाले. "आणि उठताना हाताला धर. गुंगीत पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं."

तेव्हापासून गोळ्या माझ्या कमरेच्या पिशवीत. दिवे लागले की मामाजी हात पुढे करायचे. मी अर्धी ठेवायची, पाणी पाजायची, अंथरुणावर टेकवायची.

एकदा त्यांनी हात मागे घेतलाच नाही. "बाई, आज दोन दे वं," ते म्हणाले. "डोळे मिटले का तो दिसते मले. वेलात. आता सोड मले."

"दोन घेऊन का होते ते तुमाले मालूम हाय, मामाजी," मी म्हटलं.

ते लेकरासारखे रडले. मी त्यांचं तोंड पुसलं आणि अर्धी दिली.

पुष्कळ वर्षं जगले. लघवीला जाताना मी धरायचे, एकदाही पडू दिलं नाही. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली, एक गोळी कशी वापरावी ते या बाईकडून शिका म्हणाले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. औषध ज्याचं त्याच्याच हातात, सांगितलं तेवढंच, हे त्यांनीच मला शिकवलं.

गाव म्हणतं, सुनेनं सासऱ्याला तळहातावर जपलं. जपलंच. इतक्या लवकर दशरथकडे कशी जाऊ देणार होते मी त्यांना?