जांभळ्या पाटीखालचे काका

माणसाला आवाज देव देत असेल, पण नळदुर्गातल्या माणसाचा आवाज वेशीबाहेर जातो तो केवळ आपल्यामुळे, याबद्दल आमच्या चुलत काकांना कधीच शंका नव्हती. त्यांचं सिमकार्डांचं दुकान होतं. म्हणजे दोन खुर्च्या, एक काउंटर आणि वर दुकानापेक्षा रुंद पाटी. त्या पाटीवर आधी ज्या कंपनीचं नाव होतं तिचा रंग पोपटी. ती बंद पडली आणि दुसरी आली, तिचा रंग जांभळा. नव्या कंपनीच्या माणसांनी एका दुपारी शटर जांभळं रंगवलं आणि संध्याकाळपर्यंत काका आतून-बाहेरून जांभळे झाले. कंपनीनं दिलेला टी-शर्ट घालून ते लग्नांना जाऊ लागले. पोळ्याला शेतावरच्या बैलांची शिंगं जांभळी निघाली. थोरल्या मुलीच्या लग्नात मांडव जांभळा, खुर्च्यांच्या फिती जांभळ्या. हळद तेवढी पिवळी राहिली, तीही काकू अडून बसल्या म्हणून. घरातल्या सगळ्यांचे नंबर आठवड्याभरात नव्या कंपनीत आले. एका व्याह्यांनी नंबर हलवायला नकार दिला, तर काका त्यांच्याशी दोन वर्षं फक्त निरोप पाठवून बोलत होते. फोन केला तर व्याह्यांच्या कंपनीची पत वाढेल, असं काकांचं म्हणणं.

रेंज गेली की गिऱ्हाईक काकांकडे येई, आणि काका ती तक्रार घरच्या माणसाची बदनामी चालल्यासारखी ऐकून घेत. मग बाहेर येऊन टेकडीवरच्या टॉवरकडे बघत. मांडवात पिऊन आलेल्या जावयाकडे बघावं तसं. पण चारचौघांत त्याच्याबद्दल वाईट शब्द नाही. "दमलाय त्यो," ते सांगायचे. "सोलापूर-हैदराबादचे समदे ट्रकवाले हितंच जेवत्यात आन जेवल्यावर हितूनच बायकूला फोन लावत्यात. त्यानं तरी किती जीव धरावा?" गिऱ्हाईक या उत्तरानं गप्प व्हायचं. काही जण तर टॉवरबद्दल हळहळ वाटून परत जात.

सिमकार्ड ते विकत नसत, स्थळ बघून मुलगी द्यावी तसं देत. गाव कोणतं, घरी कोण कोण, नंबर कशाला हवा, आधीच्या नंबरचं काय झालं. दुसरं सिम मागायला आलेल्या एका मास्तरांना त्यांनी पहिल्या नंबरवर कोण छळतंय ते सांगितल्याशिवाय फॉर्म दिला नाही. मास्तर लाल होऊन निघून गेले आणि पुढं बरेच दिवस पलीकडच्या रस्त्यानं शाळेला जात. मी बारावीनंतर वडिलांबरोबर माझं पहिलं सिम घ्यायला गेले तेव्हा मलाही चौकशी चुकली नाही. मी प्रत्येक प्रश्नाला एकेका शब्दात उत्तर दिलं. काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग वडिलांना म्हणाले, "पोरगी बोलत न्हाय. हिला इनकमिंगच पुरे." दुकानातले सगळे हसले. तो विनोद माझ्या मागं लग्नघरांतून, बारशांतून फिरत राहिला, आणि मी तो विसरले आहे असं मी सगळ्यांना सांगते.

मात्र कंपनीकडून इंग्रजीत काही आलं की माझ्या इंग्रजी शाळेची त्यांना आठवण होई. असाच एक मेल मी त्यांना वाचून दाखवला. सुरुवात 'प्रिय भागीदार' अशी होती आणि शेवटी सही कुणाचीच नव्हती. मधे असं लिहिलं होतं की कंपनीचं कनेक्शन यापुढं तालुक्यातल्या छोट्या दुकानांत मिळणार नाही, बसस्टँडसमोरच्या टीव्ही-फ्रिजच्या शोरूममध्ये मिळेल, आणि आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. मी वाचलं तसं मराठीत सांगितलं. काकांनी शेवटचंच तेवढं उचललं. "आभार मानलेत न्हवं? मग परत येणार ते. तोडायचं असतं तर आभार कशाला मानले असते?" मला खरं तर पुन्हा एकदा, स्पष्ट सांगायला हवं होतं. मी मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि घरी आले.

महिन्याभरात कंपनीचा माणूस येऊन सिम देताना अंगठा घ्यायचं मशीन घेऊन गेला. पाटी तेवढी राहिली, कारण ती उतरवायचा खर्च कुणी करायचा हे कंपनीत ठरत नव्हतं. काका रोज सकाळी ती पुसत आणि तिच्याखाली रिकाम्या काउंटरवर बसत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत की कंपनीची जरा चूक झालीय, साहेब येतील. काकूंनी सुचवलं की तोवर निदान बिस्किटं ठेवावीत.

"कंपनीच्या पाटीखाली बिस्किटं? साहेब काय म्हणतील?"

"साहेबानं तोंड दावलं की म्हणंल न्हवं," काकू म्हणाल्या. "तवर पोरं तरी बिस्किटं खातील."

बिस्किटं आली नाहीत. पाईपची एजन्सी चालून आली, तीही काकांनी नाकारली, कारण पाईप निळे होते.

आता सांगायला अवघड गोष्ट. शोरूममध्ये जांभळं काउंटर झालं आणि तिथं बसायला कॉम्प्युटर येणारी, इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. ती मी. आठ महिन्यांत माझ्याशी इंग्रजीत एकही माणूस बोललेला नाही. लोक येतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, काका कुठं बसतात? खुरपणाला जाणाऱ्या बायकांचे अंगठे झिजलेले असतात. मशीन ते ओळखत नाही. त्या घाबरून अंगठा दाबत राहतात, मी "परत ठेवा, परत ठेवा" म्हणत राहते आणि शेवटी उद्या या म्हणते. त्या तडक काकांकडे जात. काका आमच्या शोरूमची पायरी चढत नसत, पण बाईबरोबर निरोप पाठवत: पोरीला म्हणावं, आधी मशीन पूस, मग हिच्या लेकीचं विचार, कुठं दिलीय, काय करती, बोलता बोलता हात ढिला पडतो, तवा अंगठा ठेव. मशीन मी पुसलं. लेकीचं विचारणं मला अजून जमलेलं नाही.

मग एका सोमवारी कंपनीनं जुन्या दुकानांचे नंबर बंद केले. काकांकडे दुसरा नंबर नव्हताच. दुकानाचा तोच त्यांचा. साहेब ज्या नंबरवर बोलावणार होते तोही तोच. मंगळवारी ते शोरूममध्ये आले. जांभळा टी-शर्ट नव्हता, पांढरा सदरा होता. रांगेत दोन माणसं होती, त्यांच्या मागं उभे राहिले. मी पुढं बोलावलं तर मान हलवून नको म्हणाले. पाळी आली तेव्हा समोर बसले, आधार कार्ड काढून काउंटरवर सरळ करून ठेवलं आणि म्हणाले, "विचार काय विचारायचं ते."

मी नाव विचारलं. गाव विचारलं. त्यांनी परक्याला सांगावं तसं सांगितलं. पुढं ग्राहक नवीन की जुना असा रकाना होता. मी जुना निवडला आणि त्यांचा नंबर टाकला. कॉम्प्युटर थोडा वेळ फिरला आणि असा ग्राहक नाही म्हणाला. मी पुन्हा टाकला. मग स्क्रीन जरा माझ्याकडे वळवून घेतला, त्यांना दिसू नये म्हणून. पण पंधरा-सोळा वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. काउंटरच्या या बाजूचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

"नवीन लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. सिम चालू झाल्यावर त्यांच्या मोबाइलवर कंपनीचा मेसेज आला, मराठीत. त्यांनी चष्मा चढवून, ओठ हलवत तो वाचला: आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे. दोनदा वाचला.

"म्हंजी वळखलं न्हाय," ते म्हणाले. तक्रार नव्हती. एखाद्या लग्नात जुना माणूस ओळख न देता पुढं गेला, तर घरी येऊन सांगावं तसं होतं.

तो मेसेज सगळ्यांनाच जातो, कॉम्प्युटर पाठवतो, एवढं मी बोलले. माझ्या मानानं ते पुष्कळच होतं. ते "व्हय, व्हय" म्हणाले, पण उठले नाहीत. मागच्या माणसाला मी थांबायला सांगितलं. मग मी काउंटरच्या बाहेर आले आणि दुसरी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.