वसंताची फ्लॉपी

नाशकात माझ्याएवढं लिनक्स कुणालाच येत नव्हतं. ज्याला येत व्हतं तो सुरगाण्याकडं, डोंगरात राहायचा.

तो वसंत. आन हे जे सांगतोय ते त्यालाबी माहीत नाय. बायकोला नाय, कुणालाच नाय. तुम्हाला का सांगतोय? — काय माहीत. तुम्ही मला वळखत नाय, म्हणून आसंल.

मी आठवी नापास. तेबी दोनदा, म्हणजे नापास व्हायचापण सराव झालेला. पंचवटीत माझा सायबर कॅफे व्हता, दोन हजार तीन-चारची गोष्ट. कंप्युटर खोलून, जोडून, बिघडवून शिकलो. मग एक प्रोग्राम लिहिला — लासलगावचे कांद्याचे भाव फोनच्या लाईनीवरनं गावोगावच्या दुकानांत पोचवायचा. फुकट, कुणीबी घ्या, कुणीबी बदला. वसंताचा वेगळा. त्याच्या गावच्या छोट्या दवाखान्यातनं कुठलं औषध संपलं ते तालुक्याला कळवायचा.

दोन्हीच्या पोटात एकच डीमन. डीमन म्हणजे पाठीमागं गुपचूप चालणारा प्रोग्राम, दिसत नाय, बोलत नाय. आमच्याकडं फोनची लाईन घडीघडी मरायची. तर निघालेला निरोप हा धरून ठेवायचा, आन लाईन आली की पाठवायचा. मूळ वसंतानं लिहिलेला. मी फक्त उचलला.

एकच कोड दोन ठिकाणी, म्हणजे एकीकडं दुरुस्त केला तरी दुसरीकडं जुनाच राहायचा. म्हणून आमच्या मेलच्या लिस्टवर, एकाचा मेल सगळ्यांना जायचा तिथं, विषय निघाला — ह्याला ठेवायचा कुठं? माझ्या प्रोग्रामात, वसंताच्या, का दोघांच्या बाहेर तिसरीकडं? लिस्टवर दहा-बारा जण. बहुतेक पुण्याचे इंजिनेर, आन मी त्यांचा विदूषक. लिस्टची चावी मात्र माझ्याकडं, माझ्या हातनंच मेल पुढं जायचे. आन आमचा एक रिवाज व्हता — एखादी गोष्ट मांडली आन आठ दिवस कुणी आडवं बोललं नाय, तर होकार धरायचा.

मी मांडलं, माझ्याकडं ठेवू.

का? खरं सांगू? त्या शिकलेल्या पोरांनी कायबी बदलायचं म्हणलं की आठवी नापासाला विचारायला यावं — एवढंच. दुसरं काय नव्हतं. आसतं तर बरं झालं आसतं.

वसंताकडं इंटरनेट नव्हतं, दवाखान्याची लाईन तालुक्यापुरतीच. लिस्टवरचे मेल मी फ्लॉपीत भरायचो, सुरगाण्याच्या जीपवाल्याकडं द्यायचो. त्याचं उत्तर तसंच फ्लॉपीत यायचं, मग मी ते लिस्टवर टाकायचो. त्याचं तोंड माझ्या हातात व्हतं, म्हणा ना.

पाचव्या दिवशी फ्लॉपी आली. मी वाचली. वसंतानं लिहिलेलं — "दत्तू, हा दोघांच्या बाहेर ठेवा. तुझ्या बाजाराला कालचा भाव नको आसतो. माझ्या दवाखान्याला चार दिवसापूर्वीची चिठ्ठीबी पाहिजे आसते. एकाच्या घरात ठेवला तर तो आपल्या सोयीनं बदलंल, आन दुसऱ्याला कळायचंबी नाय."

फ्लॉपी मी ड्रॉवरमधी टाकली.

उद्या लिस्टवर टाकू म्हणलं. मग परवा. आठ दिवस झाले. मी लिस्टवर लिहिलं, "वसंताचं काय म्हणणं आलं नाय, म्हणजे होकार." वर एक जोकबी मारला. सगळे हसले. आन वसंताला निरोप धाडला — तुझं सगळ्यांनी वाचलं, तरी माझ्याकडंच ठेवायचं ठरलं. त्यानं उलट लिहिलं, "ठरलं तर ठरलं." भांडलाबी नाय. भांडला आसता तर?

मग एका दुकानदारानं तक्रार केली, शिळे भाव येतात म्हणून. मी डीमनमधी एक ओळ घातली. एक दिवसाच्या वरचा निरोप फेकून द्यायचा. एकच ओळ. नवी सीडी केली आन जीपवाल्याकडं दिली. सोबत चिठ्ठी लिहिली — "नवीन घाल, भारी झालंय." काय बदललं ते लिहिलं नाय. विसरलो? नाय हो. त्यानं ज्याची भीती लिहिलेली तेच मी करून बसलो व्हतो, ते कसं लिहू?

पावसाळ्यात त्यांची लाईन तीन दिवस गेली. दवाखान्यातनं साप चावल्यावरच्या इंजेक्शनची मागणी निघालेली. डीमननं एक दिवस धरली. मग फेकली. दवाखान्यात वाटलं, मागणी पोचली. तालुक्याला काय पोचलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात सोनीबाई नावाच्या बाईला भात लावताना साप चावला. कपाट उघडलं तर रिकामं. जीपमधी घातली नाशकाला आणायला. वाटंतच गेली. दोन लेकरं.

आधी औषधाची चिठ्ठी जीपवाल्याच्या हातनंच जायची. वसंतानंच गावाला समजावलेलं, कंप्युटर विसरत नाय म्हणून. आता गाव त्याच्याशी बोलंना. त्यानं फ्लॉपीत लिस्टसाठी पत्र धाडलं — "माझ्या प्रोग्राममुळं बाई गेली. चूक माझी. मी हे काम सोडतो."

हे पत्र मात्र मी लगेच टाकलं. फ्लॉपी घातली आन दोन मिनिटात पुढं. लोकांनी लिहिलं, वसंता, आसं होतं, मनाला लावून घेऊ नको. मीबी लिहिलं. मी!

ती ओळ मग मी हळूच काढली. काय बदललं त्याच्या रकान्यात लिहिलं, "किरकोळ दुरुस्ती."

सांगायला तीनदा गेलो त्याच्याकडं. पहिल्यांदा तो नागलीच्या वावरात व्हता, मी बांधावर बसून माझीच फजिती सांगत बसलो. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा वाटंत ठरवून गेलो, जीपमधनं उतरायच्या आधी पहिलं वाक्यबी पाठ केलं. समोर बसलो, आन तोंडातनं निघालं काय? तर मी हायवेवर सायकलवरनं कसा पडलो ते. वसंत हसला, थोडंच.

त्याच्या बायकोनं माझ्यापुढं कप ठेवला.

"दत्तूभाऊ, चहा प्या आन जा. तुम्ही हसवून गेलात की हे चार दिवस जेवत नाय."